बंद जिनिंगच्या आवारात गावाची वस्ती: कोणतं काम आधी, कोणतं नंतर

चोपडा, पारोळा, धरणगाव, शिरपूर, शहादा. खान्देशच्या कापसाच्या पट्ट्यात कुठेही फिरा, मोठ्या गावाच्या वेशीवर एखादं तरी बंद जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणारा कारखाना, दिसतंच. पत्रे उडालेलं लांबलचक शेड, गंजलेलं गेट, काटेरी बाभळी आणि कोपऱ्यात एक जुनी बांधीव विहीर. १९७२ पासून राज्यात कापसाची एकाधिकार खरेदी होती, म्हणजे कापूस फक्त सरकारी यंत्रणेनेच घ्यायचा, तोवर सहकारी जिनिंग-प्रेसिंग संस्थांना रुई काढून गाठी बांधायचं हमखास काम होतं. ती खरेदी थांबली, खासगी नवे प्लांट आले आणि हाताने कापूस भरायची जुनी डबल रोलर यंत्रं परवडेनाशी झाली. यंत्रं भंगारात गेली, आवार मात्र तसंच पडून राहिलं.

दुसरीकडे गावठाणात पाय ठेवायला जागा नाही. एका घराचे तीन भाऊ तीन खणांत राहतात, घरकुल मंजूर होतं पण बांधायला जागा नसते. म्हणून वेशीवरचं आवार वस्तीसाठी घ्यावं असं कुणाच्याही मनात येतं, आणि विचार चुकीचा नाही. रस्ता आहे, विजेची लाईन आहे, विहीर आहे आणि पिकाची काळी जमीनही वाया जात नाही.

गडबड होते ती कामांच्या क्रमात. आधी रंगीत लेआउट छापला जातो, प्लॉटचं बुकिंग सुरू होतं, आणि मग कळतं की सातबाऱ्यावर बँकेचा बोजा आहे किंवा मधल्या दहा प्लॉटखाली प्रेसचा जुना खड्डा आहे. नकाशा ही या कामातली बरीच उशिराची पायरी आहे. हा लेख ग्रामपंचायतीचे सदस्य, एकत्र येऊन जागा घेऊ पाहणारी वीस-पंचवीस कुटुंबं आणि तालुक्याच्या ठिकाणचे छोटे विकासक यांच्यासाठी आहे. हिशेब साधारण एक-दोन हेक्टरच्या जिनिंगचा धरला आहे. साखर कारखाना, डिस्टिलरी किंवा केमिकलच्या जागेला हेच टप्पे लागू पडतात, पण मातीची तपासणी तिथे कितीतरी कडक लागते.

आधी कागद

पारावर पहिला प्रश्न हाच निघतो: "हाई जागा कोनी शे?", म्हणजे ही जागा कोणाची? गावात सगळ्यांना वाटतं की उत्तर ठाऊक आहे, आणि बहुतेक वेळा ते अर्धंच ठाऊक असतं.

चालू सातबारा घ्या आणि सगळ्यात आधी 'इतर हक्क' वाचा. बोजा, कूळ, शासनाच्या अटी, सगळं तिथे असतं. भोगवटादार वर्ग १ की वर्ग २ हे पाहा. वर्ग २ असेल तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विक्री होत नाही. जमीन शासनाने संस्थेला जिनिंगसाठीच दिली असेल, तर जमीन देण्याचा मूळ आदेश शोधून काढा. त्यात वापराची अट असते. तो वापर बंद झाला, म्हणजे शर्तभंगाचा प्रश्न उभा राहतो. बऱ्याच गावांत आणखी एक गुंता आहे. संस्था उभी राहताना एखाद्या शेतकऱ्याने शेअरच्या बदल्यात किंवा नुसत्या शब्दावर जमीन दिलेली असते आणि फेरफार झालेलाच नसतो. आज त्याचे नातू हक्क सांगायला येतात, आणि कायद्याने ते चूक असतीलच असं नाही. म्हणून जुने फेरफार एकेक करून काढा, वकिलाकडून तीस वर्षांचा शोध घ्या आणि इंडेक्स दोनशी (नोंदणी कार्यालयातल्या दस्तांच्या सूचीशी) ताडून पाहा.

मालक सहकारी संस्था असेल तर ती चालू आहे की अवसायनात (देणी-घेणी मिटवून बंद करायला काढलेली), हे सहायक निबंधकांच्या कार्यालयात कळतं. अवसायनात असेल तर विकण्याचा अधिकार अवसायकाचा, तोही सहकार खात्याच्या मंजुरीने. माजी चेअरमनने दिलेल्या विसार पावतीला मग काही किंमत राहत नाही, चेअरमन कितीही वजनदार असला तरी. जिल्हा बँकेने किंवा दुसऱ्या बँकेने सरफेसी कायद्याखाली (थकीत कर्जापोटी तारण ताब्यात घेण्याचा कायदा) ताबा घेतला असेल तर व्यवहार लिलावात होईल. लिलावाच्या नोटिशीत 'जशी आहे, जेथे आहे' या अर्थाची एक ओळ असते. त्या ओळीचा अर्थ असा, की मागची घरपट्टी, बिनशेती सारा आणि विजेची थकबाकी यांची चौकशी घेणाऱ्याने स्वतः करायची. विजेचं तर नक्कीच विचारा. जुन्या मालकाची थकबाकी नव्या कनेक्शनच्या आड येऊ शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली स्पष्ट केलं आहे.

नंदुरबार जिल्ह्याचा मोठा भाग, धुळ्यातल्या साक्री-शिरपूरचा काही भाग आणि जळगावात चोपडा, यावल, रावेरच्या सातपुड्याकडच्या गावांचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. तिथे ग्रामसभेला पेसा कायद्याचे, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींसाठीच्या कायद्याचे, अधिकार आहेत. जागा मुळात आदिवासी खातेदाराची असेल, तर जमीन महसूल संहितेचं कलम ३६-अ आडवं येतं: शासनाच्या मान्यतेने जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी घेतल्याशिवाय बिगर आदिवासीला हस्तांतरण नाही. यातून पळवाट काढून देतो म्हणणाऱ्या एजंटाला चहा पाजून परत पाठवा.

"एनए तर झालेलंच आहे"

हे वाक्य हमखास ऐकू येतं. जिनिंगची जागा बिनशेती (एनए) असते हे खरं, पण ती औद्योगिक कारणासाठी बिनशेती असते. घरं बांधायची तर वापर औद्योगिकवरून रहिवासी व्हावा लागतो. एका बिनशेती वापरातून दुसऱ्या बिनशेती वापरात जाण्याची तरतूद महसूल संहितेच्या कलम ४४ मध्येच आहे. गेल्या काही वर्षांत या प्रक्रियेत बरेच बदल झाले आहेत, तेव्हा शेजारच्या गावाने पाच वर्षांपूर्वी काय केलं यावर विसंबू नका; तहसील कार्यालयातून आज लागू असलेली पद्धत लेखी विचारून घ्या. गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतल्या जमिनींसाठी कलम ४२-ड ची तुलनेने सोपी वाट आहे. वेशीवरचं जिनिंग अनेकदा या अंतरात बसतं. म्हणून गावठाणाच्या हद्दीपासून जागा किती लांब आहे, हे मोजून ठेवा.

सोबत नगररचना कार्यालयातून झोन दाखला घ्या, म्हणजे जागा कोणत्या वापराच्या विभागात आहे ते कळेल. प्रादेशिक योजनेत जागा औद्योगिक विभागात दाखवली असेल, तर एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीतल्या अटी पाळून तिथे रहिवासी वापर मिळू शकतो. ही नियमावली डिसेंबर २०२० पासून लागू आहे. तिच्यातली बंद उद्योगाबाबतची अट पुढच्या मुद्द्याशी जोडलेली आहे आणि तिथेच सगळ्यात जास्त फायली अडतात.

कामगारांची देणी आणि आत राहणारी माणसं

बंद पडलेल्या उद्योगाच्या जागेवर रहिवासी वापर मागितला की कामगार आयुक्तांचा दाखला लागतो: कामगारांची सगळी कायदेशीर देणी दिली आहेत, किंवा दोन्ही बाजूंत समाधानकारक तडजोड झाली आहे. तडजोडीच्या जोरावर परवानगी मिळालीच, तरी देणी पूर्ण चुकल्याचा दाखला येईपर्यंत भोगवटा प्रमाणपत्र (राहायला जाण्याची परवानगी) मिळत नाही. घरं बांधून तयार, कुलूप उघडता येत नाही, अशी अवस्था नको असेल तर हे काम व्यवहाराच्या आधी उरका. फिटर, बॉयलरवाले, कारकून, हंगामी हमाल यांची हजेरीपुस्तकं आणि भविष्य निर्वाह निधीची कागदपत्रं जुन्या ऑफिसच्या कपाटात वाळवी खात पडलेली असतात. शेड पाडण्याआधी ती बाहेर काढा.

आवारात चाळ असेल आणि तिच्यात अजून चार-सहा कुटुंबं राहत असतील, तर त्यांना आधी घर, मग पाडकाम. हे माणुसकीचं आहेच, शिवाय व्यवहाराचंही आहे, कारण एका कुटुंबाचा मनाई हुकूम अख्खं काम दोन-तीन वर्षं थांबवू शकतो. त्यांना नव्या लेआउटमध्ये पहिले प्लॉट द्या आणि तसं ग्रामसभेच्या ठरावात नावानिशी लिहून घ्या.

मोजणी

उपअधीक्षक, भूमी अभिलेख यांच्याकडे हद्द कायम मोजणीचा अर्ज करा. मोजणीच्या दिवशी चारही बाजूंचे लगतधारक हजर राहतील असं बघा आणि खुणा पडल्या की त्याच दिवशी दगड रोवा. चुन्याची रेघ एका पावसात जाते. कंपाउंडची भिंत म्हणजे हद्द नव्हे. जिनिंगची भिंत कधी रस्त्याच्या जागेत सरकलेली असते, कधी शेजाऱ्याने आत पाच फूट नांगरलेलं असतं. रस्त्यालगतच्या जागेला इमारत रेषा आणि नियंत्रण रेषा, म्हणजे रस्त्यापासून बांधकामासाठी ठरवलेलं अंतर, सोडावी लागते. रेल्वेच्या कडेची जागा असेल (सुरत-भुसावळ मार्गावर अशी आवारं आहेत), तर रेल्वे हद्दीपासून ३० मीटरच्या आत बांधायला रेल्वेचा ना हरकत दाखला लागतो. हे पट्टे वजा केल्यावर हातात किती राहतं, तो खरा आकडा. जागेची किंमत त्याच आकड्यावर बोला.

जमिनीच्या पोटात काय आहे

या टप्प्याला लोक सगळ्यात कमी वेळ देतात, आणि घरांना तडे याच टप्प्यामुळे जातात.

जिनिंग तसा स्वच्छ धंदा, पण त्याच्या पोटात पोकळ्या असतात. जुन्या जिनघरात यंत्रं ओट्यावर मांडलेली असत आणि खालून लाईन शाफ्टची (सगळी यंत्रं फिरवणाऱ्या लांब दांड्याची) बोगद्यासारखी गल्ली जात असे. प्रेसखाली खोल खड्डा असतो. वजनकाट्याचा खड्डा, आगीसाठी ठेवलेला पाण्याचा हौद, बॉयलरच्या राखेचा खड्डा आणि कधी डिझेलची जमिनीतली टाकी. यंत्र विकताना भंगारवाला हे सगळं विटांचे तुकडे, सरकीचा भुसा आणि माती टाकून वरवर बुजवून जातो. दोन पावसाळ्यांनी वरून काही कळत नाही.

म्हणून जुना फिटर किंवा प्रेसवाला गावात हयात असेल तर त्याला हाताला धरून आवारात फिरवा. "इथे शाफ्ट होता, तिथे तेलाची टाकी" असं तो काठीने दाखवतो, तो दिवस कुठल्याही सर्व्हेपेक्षा मोलाचा. त्याने दाखवलेल्या जागांवर फक्की टाका, फोटो घ्या, मोजणीच्या नकाशावर उतरवा. मग जेसीबी लावून प्रत्येक संशयित जागी एक आणि मोकळ्या पटांगणात थोड्या थोड्या अंतरावर एक असे चाचणी खड्डे घ्या. खोली किमान दोन मीटर. खड्ड्याच्या कडेची माती नीट पाहा. अस्सल काळी माती एकसारखी, चिकट आणि ओलसर असते. भराव असेल तर विटांचे तुकडे, राख, प्लास्टिक असे थर दिसतात. मूठभर माती नाकाशी धरली आणि डिझेलचा किंवा जळक्या तेलाचा वास आला, की ती जागा वेगळी काढा.

नमुने घ्यायच्या जागा ठरलेल्या आहेत: बॉयलरघर, राखेचा ढीग, जनरेटरचं शेड, ट्रान्सफॉर्मरचा ओटा, तेलाचं गोदाम, डिझेलची टाकी. प्रत्येक ठिकाणी वरचा थर, एक मीटर आणि दोन मीटर असे तीन नमुने स्वच्छ काचेच्या बरणीत घ्या आणि मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवा. तेलाचं प्रमाण, शिसं, क्रोमियम, आर्सेनिक, सामू (पीएच) आणि क्षार एवढं तपासून घ्या. आवारात सरकीचं तेल काढणारा सॉल्व्हंट प्लांट असेल, किंवा बियाण्यासाठी सरकीची लव आम्लाने काढत असतील, तर ते प्रयोगशाळेला आवर्जून सांगा, कारण चाचण्या बदलतात. जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलाला हात लावू नका. त्यात पीसीबी नावाचं घातक रसायन असू शकतं. ते तेल अधिकृत घेणाऱ्याकडेच जायला हवं, गावातल्या सुताराकडे लाकडाला लावायला नव्हे.

तेल मुरलेली माती सापडली म्हणजे बेत बारगळला असं नाही. बहुतेक ठिकाणी असे डाग लहान असतात. तेवढी माती खणून वेगळी काढायची, ताडपत्रीवर ठेवून झाकायची आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सल्ल्याने पुढची विल्हेवाट लावायची. ती शेताच्या बांधावर टाकणं हा सगळ्यात वाईट उपाय.

विहिरीचं पाणी याच वेळी तपासा, तेही उपसून. वर्षानुवर्षं साचलेलं पाणी बाटलीत भरून पाठवलं तर अहवालाला अर्थ नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात विरघळलेल्या क्षारांची इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत. नायट्रेट ४५ च्या वर नको, फ्लोराइड १ च्या आत बरं, फार तर १.५. खतांचा मारा झालेल्या बागायती पट्ट्यात नायट्रेटवर खास लक्ष ठेवा.

पाडकाम

घाईने जेसीबी घालून शेड आडवं केलं की चांगला माल मातीत जातो. जुन्या शेडच्या सागवानी कैच्या, कौलं, काळ्या दगडाचे चिरे, लोखंडी खांब यांना बाजारात भाव आहे आणि वस्तीतही उपयोग आहे. चुन्यात बांधलेली वीट हातोडीच्या हलक्या टोल्याने सुटी होते, साफ करून परत वापरता येते. सिमेंटमधली वीट तुटते, ती रस्त्याच्या भरावाला लावा. माणसं लावून वरून खाली उतरवायचं: आधी छप्पर, मग कैच्या, मग भिंती, शेवटी जोतं. धुराड्याची चिमणी असेल तर पाडण्याआधी चार वेळा विचार करा. ती भक्कम असेल तर ठेवाच. गावाची ती खूण असते आणि पाडणं धोक्याचंही असतं. वाकलेली किंवा तडकलेली असेल तर अनुभवी ठेकेदाराशिवाय तिच्याजवळ कुणी जायचं नाही.

सिमेंटच्या जुन्या नालीदार पत्र्यांबद्दल स्पष्टच लिहितो. त्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असतं. पत्रा फुटला, कापला, घासला की डोळ्यांना न दिसणारे तंतू उडतात, ते फुप्फुसात बसतात आणि वीस-तीस वर्षांनी आजार बाहेर काढतात. पत्रे पाण्याने भिजवून, नटबोल्ट सोडवून, अखंडच खाली उतरवा. कामगारांना नुसता रुमाल चालत नाही, योग्य प्रतीचा मास्क द्या. फुटलेले तुकडे ओले करून जाड प्लास्टिकमध्ये बांधा. ते रांजणगावसारख्या ठिकाणच्या घातक कचऱ्याच्या अधिकृत केंद्रात जायला हवेत. "चांगले आहेत, गोठ्याला होतील" म्हणून लोक मागायला येतील. देऊ नका, भले नातेवाईक रुसोत.

खड्डे बुजवताना आधी आतला भराव पूर्ण उपसा. मग मुरूम वीस-पंचवीस सेंटीमीटरच्या थरात टाकून, पाणी मारून, प्रत्येक थरावर रोलर फिरवून वर या. एवढं करूनही त्या जागेवर घर नको. ती जागा नकाशात मैदानाला किंवा रस्त्याला द्यायची, म्हणून नकाशा आत्ता येतो.

लेआउट

एक हेक्टरचं उदाहरण घेऊ, म्हणजे १०,००० चौरस मीटर, जवळपास अडीच एकर. ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या लेआउटमध्ये १० टक्के खुली जागा सोडावीच लागते, ते झाले १,००० चौरस मीटर. रस्त्यांना साधारण चौथा हिस्सा जातो, २,५०० धरा. पाण्याची टाकी, ट्रान्सफॉर्मर, कचऱ्याची जागा यांना ३०० सोडा. उरले ६,२००. शंभर चौरस मीटरचा एक प्लॉट धरला तर ६२ प्लॉट पडतात. एजंटाच्या कागदावर ऐंशी प्लॉट दिसत असतील तर रस्ते अरुंद केलेत किंवा मैदान खाल्लंय, एवढं समजून घ्या. आतल्या छोट्या रस्त्यालाही साधारण ९ मीटर रुंदी धरा. आज बैलगाडी जाते, उद्या कापूस भरलेला ट्रक आणि अँब्युलन्स समोरासमोर येतील. जागा मोठी असेल तर सुविधा क्षेत्रही सोडावं लागतं. ते नगररचनाकडून विचारून घ्या.

मुख्य रस्ता गावाच्या चालत्या रस्त्याला सरळ जोडा. जिनिंगचं गेट हायवेच्या तोंडाला असतं, म्हणून वस्तीही तिकडेच तोंड करून बसते आणि गावाशी तुटते. गावाच्या बाजूची भिंत पाडून तिथून वाट काढणं हा या सगळ्या कामातला सगळ्यात स्वस्त आणि मोठा बदल. मुलं शाळेत चालत जातात, कानबाई देवीची मिरवणूक नव्या वस्तीतूनही फिरते.

खुली जागा उरल्यासुरल्या तिकोनी कोपऱ्यात ढकलू नका. आवारातली जुनी कडुनिंबं आणि चिंचा जिथे आहेत, तिथे मैदान धरा. भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशी गाठतो, तेव्हा सावली लावायला वीस वर्षं लागतात हे लक्षात येतं. शिवाय आखाजीला (अक्षय तृतीयेला) सासुरवाशिणी माहेरी आल्या की झोके बांधणार कुठे?

प्लॉट विकायचे असतील आणि जागा ५०० चौरस मीटरच्या वर किंवा प्लॉट आठपेक्षा जास्त असतील, तर महारेराच्या (राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाच्या) नोंदणीची तरतूद आधी तपासा. नोंदणी लागत असेल तर ती होईपर्यंत जाहिरात नाही आणि बुकिंगही नाही.

पाणी आणि सांडपाणी

जलजीवन मिशनचा हिशेब माणशी दिवसाला ५५ लिटरचा आहे. ६२ घरं, घरटी पाच माणसं, म्हणजे दिवसाला सुमारे १७ हजार लिटर. गावच्या योजनेवर एवढा भार पडेल का, हे ग्रामपंचायतीने आधीच लिहून द्यायला हवं. विहीर चांगली निघाली तर गाळ काढा, कठडा बांधा, वर जाळी टाका आणि ती सामायिक ठेवा. ती एखाद्या प्लॉटमध्ये गेली की भांडण कायमचं. घरांच्या छपराचं पावसाचं पाणी गाळणखड्ड्यातून त्याच विहिरीत सोडा. यावल-रावेरच्या केळीच्या पट्ट्यात भूजल किती खोल गेलंय ते तिथल्या शेतकऱ्याला सांगायला नको.

घरोघरी शोषखड्डा हा सरकारी उपाय काळ्या मातीत नीट चालत नाही. ही माती पाणी सोडत नाही, खड्डा तुंबतो आणि पावसाळ्यात अंगणात येतो. खाली मुरूम जवळ लागत असेल तरच शोषखड्डे करा. नाहीतर बंद पाइपने सांडपाणी जागेच्या सखल टोकाला न्या आणि तिथे दोन-तीन टप्प्यांचा छोटा स्थिरीकरण तलाव (सांडपाणी साठवून नैसर्गिकरीत्या शुद्ध होऊ देणारा) करा. तो विहिरीपासून लांब आणि उताराच्या खालच्या बाजूलाच हवा.

पाया आणि घर

तापीकाठची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा देते. फुगवटा निर्देशांकाची, म्हणजे माती पाण्यात किती फुगते याची, चाचणी करून घ्या. तो ५० टक्क्यांच्या वर गेला तर साधा उथळ पाया विसरा. मुरूम दीड-दोन मीटरवर लागत असेल तर तिथपर्यंत खणून पाया घ्या. मातीचा थर खोल असेल तर खाली फुगीर टोक असलेले, म्हणजे अंडर-रीम्ड पाइल घ्यावे लागतात. खोल काळ्या मातीत त्यांची लांबी भारतीय मानकानुसार किमान साडेतीन मीटर असते. जोत्यात काळी माती भरू नका, मुरूम भरा. घराभोवती मीटरभर रुंद, बाहेर उतार असलेला पक्का पट्टा करा, म्हणजे भिंतीशेजारी पाणी मुरणार नाही. भिंतीला लागून केळ किंवा फुलझाडांना रोज पाणी घालणं हे तड्यांना निमंत्रण.

घरकुलाच्या अनुदानाला स्वयंपाकाच्या जागेसह किमान २५ चौरस मीटरचं घर लागतं. पण शेतकऱ्याचं घर एवढ्यात भागत नाही, कारण खान्देशात कापूस घरात राहतो. भाव वाढेल म्हणून दिवाळीपासून फेब्रुवारी-मार्चपर्यंत पुढची खोली छतापर्यंत भरलेली असते. अंगाला खाज सुटते, लेकरांच्या अंगावर पुरळ उठतं आणि चुलीची ठिणगी पडली तर पाच मिनिटांत घर जातं. म्हणून नकाशातच कापसाची खोली वेगळी दाखवा. तिला बाहेरून दार हवं, स्वयंपाकघराची भिंत तिला लागलेली नको, आत विजेचं बटण नको, वर वाऱ्याला जाळीचे झरोके हवेत. ही खोली बाहेरच्या अंगणात, रस्त्याच्या बाजूला घेतली तर व्यापाऱ्याची गाडी थेट दाराशी लागते.

जुन्या धाब्याच्या घरांत उन्हाळा सुसह्य होता तो जाड मातीच्या भिंती आणि धाब्यावरच्या मातीच्या थरामुळे. आता स्लॅब पडतो आणि रात्री दोनपर्यंत तो भट्टीसारखा तापलेला असतो. स्लॅबवर पांढऱ्या फरशीच्या तुकड्यांचा थर किंवा निदान दरवर्षी चुन्याचा हात मारा. लांब भिंती उत्तर-दक्षिण तोंडाने ठेवा, पश्चिमेला खिडक्या कमी आणि ओट्यावर पडवी जास्त. पाडकामातून निघालेली कौलं या पडवीला वापरता येतात.

पैसे

जागेची किंमत, मुद्रांक, मोजणी, तपासण्या, पाडकाम, रस्ते, पाणी, वीज असा एकूण खर्च काढा आणि भंगार-लाकडाचे पैसे त्यातून वजा करा. उरलेली रक्कम विकाऊ चौरस मीटरने भागा, एकूण क्षेत्राने नव्हे. वर अडीअडचणीला दहा-पंधरा टक्के ठेवा. जमिनीखालून काय निघेल याची खात्री कुणीच देत नाही.

प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागातून सपाट प्रदेशात १ लाख २० हजार आणि डोंगराळ-दुर्गम भागात १ लाख ३० हजार रुपये मूळ अनुदान आहे, शौचालयासाठी १२ हजार वेगळे. अनुसूचित जातींसाठी रमाई, जमातींसाठी शबरी आवास योजना आहेत. ज्यांच्याकडे जागाच नाही अशा पात्र लाभार्थ्यांना पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी योजनेतून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या जागेसाठी मदत मिळते. लेआउटमध्ये या मापाचे थोडे प्लॉट मुद्दाम ठेवा, आणि ते एका कोपऱ्यात वेगळे न टाकता इतरांच्या मध्ये टाका. नाहीतर जुन्या गावातल्या आळ्या नव्या जागेतही तशाच उभ्या राहतात.

एक मात्र पाळा: सगळ्यांचे पैसे संस्थेच्या किंवा प्रकल्पाच्या खात्यात, दोन सह्यांनी. अण्णांच्या किंवा बापूंच्या खिशात नाही, माणूस कितीही सरळ असला तरी.

शेवटचे कागद

खरेदीखत झालं की प्रत्येकाचा प्लॉट सातबाऱ्यावर किंवा मिळकत पत्रिकेवर स्वतंत्र नोंदवून घ्या. ग्रामपंचायतीच्या नमुना आठला नाव लागलं म्हणजे मालकी झाली असं पुष्कळांना वाटतं. ती फक्त घरपट्टीची नोंद आहे. रस्ते, मैदान, विहीर आणि टाकी लेखी करारानं ग्रामपंचायतीकडे द्या, आणि ताबा देताना मासिक सभेचा ठराव जोडा. ठरावात तीन गोष्टी असायला हव्यात: पथदिव्यांचं बिल कुणी भरायचं, विहिरीवरच्या मोटारीची दुरुस्ती कोणाच्या अंगावर, आणि मैदानाचा कुठलाही भाग पुढे कोणत्याही कारणाने प्लॉट म्हणून विकला जाणार नाही. तिसरी ओळ लिहायला काही सदस्य का-कू करतील. ती लिहून होईपर्यंत ताब्याच्या कागदावर सही करू नका.